‘आना ओ.’ची हकीगत : अस्सल, नक्कल आणि दंतकथा

कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींच्या साक्षीवर जे कठोर आघात केले, त्यांपासून आपण एक नियम शिकलों. घटनेनंतर बऱ्याच काळानें, कांहीं एक प्रतिपादन सिद्ध करण्यासाठीं लिहिलेली हकीगत ही समकालीन कागदाशीं ताडून पाहिल्याखेरीज प्रमाण मानूं नये. हा नियम केवळ राजकीय इतिहासापुरता नाहीं. वैद्यकाच्या इतिहासांतील एका प्रसिद्ध प्रकरणास तो लावला असतां काय निष्पन्न होतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मनोविकारानें पीडित असा प्रौढ मनुष्य रुग्णालयांत न राहतां नेमल्या वेळीं चिकित्सकाकडे जातो, मनांतील गोष्टी बोलतो आणि आपल्या घरीं परत येतो, ही उपचारपद्धति आज सर्वत्र रूढ आहे. या पद्धतीच्या उगमाविषयीं लिहितांना बहुतेक ग्रंथकार एकाच स्त्रीचें उदाहरण देतात. तें म्हणजे व्हिएन्ना येथील वैद्य योझेफ ब्रॉयर व सिग्मुंड फ्रॉइड यांनीं १८९५ सालीं मिळून प्रसिद्ध केलेल्या हिस्टेरियाविषयक ग्रंथांतील पहिली रोगहकीगत. रोगिणीचें नांव तेथें ‘आना ओ.’ असें दिलें आहे. खरें नांव बेर्था पापेनहाइम. तिच्या आद्याक्षरांच्या अगोदरचें एकएक रोमन अक्षर घेऊन हें टोपणनांव बनविलें होतें.

ग्रंथांतील कथा थोडक्यांत अशी. १८८० च्या जुलैंत वडील आजारी पडले व त्यांची शुश्रूषा करतां करतां ही एकवीस वर्षांची मुलगी स्वतः खंगली. खोकला, तिरळेपणा, उजव्या अंगाचा लुळेपणा, भ्रम असे विकार उद्भवले. पुढें मातृभाषा जर्मन लोपून ती केवळ इंग्रजी बोलूं लागली. १८८१ च्या ५ एप्रिलास वडील वारले व विकार बळावला. ब्रॉयर तिच्याकडे जाऊन बसत, ती बोलत असे, आणि बोलल्यावर तिला हलकें वाटे. या क्रियेस तिनेंच इंग्रजींत ‘बोलण्याचा उपचार’ असें नांव दिलें. विनोदानें ती तिला ‘धुरांडें झाडणें’ असेंहि म्हणे. एकदां सहा आठवडे तिला पेल्यांतील पाणी पिववेना. एका कुत्र्यास पेल्यांतून पाणी पितांना पाहून आलेली किळस तिनें बोलून दाखविली व तत्क्षणीं ती पाणी प्यायली. अशा रीतीनें एकेक लक्षण मुळापर्यंत मागें नेऊन घालविलें. ७ जून १८८२ रोजीं अखेरचा प्रसंग पुन्हां अनुभवून ती मोकळी झाली. त्यानंतर मनाचा तोल सांवरण्यास तिला बराच काळ लागला, परंतु पुढें तिला पूर्ण आरोग्य लाभलें, असें म्हणून ब्रॉयर हकीगत संपवितात.

ही झाली बखर. घटनेनंतर तेरा वर्षांनीं व एका नव्या उपपत्तीच्या समर्थनार्थ ती लिहिली गेली. आतां कागद पाहूं.

डोरा एडिंगर यांनीं १९६३ सालीं बेर्थाचें जें चरित्रसाहित्य प्रसिद्ध केलें, त्यांत घोडेस्वारीच्या पोषाखांतील तिचें १८८२ सालचें एक छायाचित्र होतें. आजारी म्हणून गणलेली स्त्री त्या वर्षीं या वेषांत कोठें होती, असा प्रश्न हेन्री एलेनबर्गर या इतिहासकारास पडला. मूळ छायाचित्र विशिष्ट प्रकाशांत तपासतां छायाचित्रकाराच्या पुसट झालेल्या ठशांत ‘कोन्स्टान्झ’ हें गांवाचें नांव दिसलें. त्या गांवाजवळ, स्वित्झर्लंडच्या हद्दींत, क्रॉयत्सलिंगेन येथें बिन्सवांगर घराण्याचें ‘बेलव्ह्यू’ नांवाचें आरोग्यधाम होतें. तेथील दप्तरांत ब्रॉयरनें १८८२ सालीं लिहिलेल्या टिपणाची नक्कल व तेथील एका वैद्याचें पुढील टिपण सांपडलें. एलेनबर्गर यांनीं १९७२ सालीं हा शोध जाहीर केला. १९७८ सालीं अल्ब्रेख्ट हिर्शम्यूलर यांनीं आणखी पत्रांसह तें साहित्य प्रसिद्ध केलें. संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावें कीं, छायाचित्रावरील ठशाचीं चार अक्षरें वाचण्याचा हट्ट धरल्यामुळें हें दप्तर उघडलें.

दोन्ही साधनें शेजारीं ठेवतां पुढील भेद आढळतात. ग्रंथाप्रमाणें ७ जून १८८२ रोजीं उपचार सुफळ संपूर्ण झाला. दप्तराप्रमाणें १२ जुलै रोजीं, म्हणजे अवघ्या पस्तीस दिवसांनीं, ती बेलव्ह्यू येथें दाखल झाली व २९ ऑक्टोबरपर्यंत तेथें राहिली. चेहऱ्याच्या तीव्र मज्जाशूळासाठीं तिला मॉर्फीन दिलें जात असे व तिला त्याची संवय जडली होती. या शूळाचा किंवा मॉर्फीनचा ग्रंथांत उल्लेखहि नाहीं. १८८३ ते १८८७ च्या दरम्यान ती व्हिएन्नाजवळील इंत्सर्सडॉर्फ येथील आरोग्यधामांत आणखी तीन वेळां राहून आली. हेंहि ग्रंथांत नाहीं. ग्रंथाचा कळस असलेलें ७ जूनचें दृश्य १८८२ च्या टिपणांत नाहीं. स्मृति खऱ्या असल्याचा पुरावा म्हणून ब्रॉयर रोगिणीच्या आईच्या रोजनिशीचा हवाला देतात, परंतु तींतील नोंदी मात्र देत नाहींत. सारांश, ज्या ‘पूर्ण बऱ्या’ झालेल्या रोगिणीवर या पद्धतीची इमारत उभी केली, ती त्या उपचारानें त्या वेळीं बरी झाली नव्हती, हें नाकारतां येत नाहीं.

तथापि ग्रंथापेक्षांहि दंतकथा अधिक दोषार्ह आहे. फ्रॉइडचे चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यांनीं १९५३ सालीं रोगिणीचें खरें नांव उघड केलें आणि शेवटास एक नाट्यमय प्रसंग जोडला: तिला ब्रॉयरपासून गर्भ राहिल्याचा भास झाला, तो पाहून ब्रॉयर घाबरून पत्नीसह व्हेनिसला गेले व तेथें त्यांच्या कन्येची गर्भधारणा झाली. परंतु ही कन्या डोरा ११ मार्च १८८२ रोजीं, म्हणजे उपचार चालूं असतांच, जन्मलेली होती. जोन्स आरोग्यधामाचें गांवहि चुकीचें देतात: इंत्सर्सडॉर्फऐवजीं ग्रोस-एंत्सर्सडॉर्फ. खोट्या गर्भाच्या कथेस फ्रॉइडनें २ जून १९३२ रोजीं स्टेफान झ्वाइग यांस लिहिलेल्या पत्राचा आधार सांगतात. पण तें पत्र घटनेस पन्नास वर्षें लोटल्यावर लिहिलेलें असून, लिहिणारा प्रत्यक्षदर्शीं नव्हता. उलट उपचारानंतर साधारण वर्षभरानें ब्रॉयरनें या रोगिणीस मरण येऊन ती सुटेल तर बरें, असे उद्गार फ्रॉइडपाशीं काढल्याचें जोन्स स्वतःच नमूद करतात. ही एकच नोंद ग्रंथांतील सुखान्तास पुरेशी बाधक आहे, हें त्यांच्या ध्यानीं आलेलें दिसत नाहीं.

येथवर ग्रंथाचे दोष सांगितले. आतां दुसऱ्या बाजूचा अतिरेकहि पाहिला पाहिजे. १९७२ नंतर कांहीं लेखकांनीं सर्व प्रकरण लबाडीचें व रोगिणीस सोंग करणारी ठरविण्यापर्यंत मजल मारली. आमच्या मतें कागद इतकें बोलत नाहीं. पहिलें म्हणजे बेलव्ह्यूचें टिपण अस्सल नसून नक्कल आहे. दुसरें, तें एका वैद्यानें दुसऱ्या वैद्याच्या हवालीं रोगी करतांना लिहिलेलें आहे. त्यांतील मौन हें अभावाचें प्रमाण होत नाहीं. तिसरें, सायंकाळच्या कथनानें तिला विसांवा मिळे, हें या समकालीन टिपणांतहि आहे. म्हणजे बोलण्यानें आराम पडे हें दोन्ही साधनांस मान्य आहे. त्यानें रोग समूळ गेला, एवढेंच बखरीनें पदरचें घातलें आहे. ‘आराम’ आणि ‘आरोग्य’ या दोन शब्दांतील अंतर हेंच या सर्व वादाचें मर्म होय. बोलण्याच्या उपचाराची आजची योग्यता पुष्कळ रोग्यांवर रीतसर तुलना करून ठरविली जाते. एका हकीगतीच्या खरेखोटेपणावर ती अवलंबून नाहीं. पाया रचिला असें सांगणारा शिलालेख बनावट निघाल्यानें देऊळ पडत नाहीं; मात्र तो शिलालेख पुन्हां प्रमाण म्हणून छापूं नये.

दप्तरांतील एक कागद आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या दुखण्याविषयीं, विशेषतः जर्मन भाषा हरवण्याविषयीं, बेर्थानें स्वतः इंग्रजींत लिहिलेलें एक लहानसें निवेदन तेथें मिळालें. ज्या उपचाराचें सारें सत्त्व रोग्याच्या बोलण्यांत, त्याच्या आद्य ग्रंथांत तिचें बोलणें सर्वत्र वैद्याच्या लेखणींतून येतें. तिच्या हातचा एवढाच कागद त्यास अपवाद आहे. हीच स्त्री पुढें फ्रांकफुर्टास अनाथाश्रम चालवूं लागली, १९०४ सालीं तिनें ज्यू स्त्रियांचा संघ स्थापिला, १९०७ सालीं नॉय-इझेनबुर्ग येथें निराश्रित मुलींसाठीं गृह उघडलें, आणि ग्लिकेल हामेलन या जुन्या काळच्या ज्यू विधवेच्या यिद्दिश आत्मवृत्ताचें जर्मन भाषांतर १९१० सालीं प्रसिद्ध केलें. दुसऱ्या एका स्त्रीचें बोलणें तिनें असें जपलें. स्वतःच्या त्या दोन वर्षांविषयीं मात्र ती कधीं बोलली नाहीं, असें एडिंगर सांगतात. १९३६ सालीं ती वारली व सतरा वर्षांनीं तिचें नांव जगापुढें मांडलें गेलें.

यांतून आपणांसहि एक बोध घ्यावयाचा आहे. ठाणें, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथें मनोरुग्णालयें आहेत; वैद्यांच्या खासगी वह्या व कुटुंबांचीं पत्रें जुन्या रद्दींतून संग्राहकांच्या हातीं येऊं शकतात. १९५३ सालीं जें घडलें तें येथें घडूं नये. अशा कागदांची नक्कल काळजीनें करावी, तारीख व हस्ताक्षर नोंदवावें, पण नांव छापण्यापूर्वीं थांबावें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रोग्याचा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे; आणि कायदा नसता तरीहि, जें विश्वासानें एकाच्या कानांत बोललें गेलें तें दुसऱ्याच्या संग्रहांत आलें म्हणून त्याची मालमत्ता होत नाहीं. सत्य शोधावें, परंतु ज्याचें तें सत्य आहे त्याचा मान राखून शोधावें.