'प्रेम' म्हटलं की काय झाकलं जातं

नेरुदाची विसावी कविता तुम्ही कदाचित एखाद्या रीलमध्ये ऐकली असेल. 'वीस प्रेमकविता आणि एक हताश गाणं' हा संग्रह १९२४ साली आला, तेव्हा कवी एकोणीस वर्षांचा होता. ती सोडून गेल्यानंतरच्या रात्रीची ही कविता. इंग्रजीत ती येते तेव्हा तिच्यात सगळीकडे 'लव्ह' असतं आणि तिथून मराठीत येताना त्याचं 'प्रेम' होतं. माझी तक्रार या 'प्रेमा'बद्दल आहे.

मुळात तिथं 'केरेर' हे क्रियापद आहे. भूतकाळात, वर्तमानात, नकारात, पुन्हा पुन्हा तेच. 'आमार', म्हणजे निखळ प्रेम करणं, हे क्रियापद एकदाच येतं, तेही तिच्या डोळ्यांसाठी. केरेरचा स्पॅनिशमधला रोजचा अर्थ 'हवं असणं': कॉफी हवी, घरी जायला हवं आहे. आणि त्याच क्रियापदानं आई लेकराला, मैत्रीण मैत्रिणीला, प्रियकर प्रेयसीला 'माझा तुझ्यावर जीव आहे' असं सांगतो. दोन अर्थांमध्ये भिंत नाही.

हे क्रियापद लॅटिनमधून आलं. तिथं त्याचा अर्थ शोधणं, विचारणं. इंग्रजीतला 'क्वेश्चन' त्याच कुळातला. पुढे शेजारच्या भाषांत त्याच्या वाटा थोड्या वेगळ्या झाल्या. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातली गालिसियन स्पॅनिशसारखीच दोन्ही अर्थ बाळगते. पोर्तुगीजमध्ये मात्र माणसासाठी नुसतं केरेर वापरलं तर त्यात देहाची ओढ ऐकू येऊ शकते. माया सांगायची तर सोबत 'भलं' या अर्थाचा शब्द जोडतात. मध्ययुगात या दोन्ही प्रदेशांची काव्यभाषा एकच होती. पोर्तुगालचा राजा दिनीश तिच्यातच प्रेमगीतं रचायचा आणि त्या परंपरेत 'भलं केरेर' हा प्रेमाचा नेहमीचा शब्दप्रयोग होता. नुसत्या हवेपणात भलं असेलच असं नाही, हे जणू त्या भाषेला ठाऊक होतं.

मराठीत काय होतं? 'मी तिच्यावर प्रेम केलं' म्हटलं की प्रेम हे एक काम होतं, तिच्या'वर' केलेलं. 'मला ती हवी आहे' म्हटलं की मी कर्ता उरतच नाही. ताप यावा तसं हवेपण मला येतं. केरेरमध्ये 'मी' कर्ता असतो, म्हणून हवेपणाची जबाबदारीही त्याचीच. हिंदीत 'चाहना' हे दोन्ही अर्थांचं क्रियापद आहे. रोजच्या मराठीत त्यातला फक्त 'चाहता' उरला, तोही नटांचा आणि क्रिकेटपटूंचा.

म्हणून कवितेच्या शेवटाकडचा घोळ (आता नाही, की अजून आहे?) 'प्रेम' या शब्दात नुसता हळवा वाटतो. केरेरमध्ये तो अस्वस्थ करतो. संपलंय ते प्रेम की हवेपण, हे त्यालाच कळत नाही. शिवाय ती आता दुसऱ्या कुणाची होणार, ही सलही या कवितेत आहे. 'प्रेम' हा शब्द त्या मालकीच्या भावनेला सोवळं नेसवतो. ब्रेकअपनंतर आपणही हेच करतो: 'माझं खरं प्रेम होतं' म्हणतो आणि हाव त्यामागे लपवतो.

अनुवाद करायचा झाला तर मी 'ती हवी होती' म्हणेन. त्यात आईची माया मावणार नाही आणि कर्ताही हरवेल, हे मान्य. पण त्या एकोणीस वर्षांच्या पोराची हाव तरी लपणार नाही, आणि मला तो तसाच जास्त खरा वाटतो.