साहेबांची बदली झाल्यावर?

मुंबई जळाली, भिवंडी का नाही? सुरेश खोपडे यांचं पुस्तक हाच प्रश्न विचारतं. १९७०च्या दंगलीनंतर मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवलं होतं. १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटलं. उपायुक्त खोपडेंनी मोहल्ला समित्यांत पोलीस आणि रहिवाशांना एकत्र बसवलं. डिसेंबर १९९२ मध्ये भिवंडी शांत राहिली.

पोलीस हे मालकांचंच हत्यार मानणाऱ्या जहाल डाव्यांना हे खोडता येत नाही. पण २००६ मध्ये इथेच पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून गोळीबारात दोन नागरिक गेले, जमावाने दोन पोलीस मारले. सुधारणावाद्यांकडे त्याचं उत्तर नाही. एकाच माणसावर चालणारी सिस्टिम आम्ही सॉफ्टवेअरवाले धोक्याची मानतो. मला या पुस्तकात हवी होती ती समित्यांना कायद्याने हक्क देण्याची मागणी.