आधी कान, मग व्याख्या

संगीताच्या परीक्षेची तयारी चाललेल्या एका क्लासात मी मध्यंतरी बसलो होतो. दहा वर्षांच्या मुलीने भूप रागाची माहिती एका दमात म्हणून दाखवली : थाट कल्याण, मध्यम-निषाद वर्ज्य, जाती औडव-औडव, वादी गंधार, संवादी धैवत, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. मग बाईंनी देसकार गायला आणि विचारलं, "हा कोणता?" मुलगी म्हणाली, "भूप." स्वर मोजले तर तिचं चुकलं नव्हतं, दोन्ही रागांत तेच पाच स्वर. फरक आहे तो वजन कुठे पडतं आणि गळा कुठे रेंगाळतो यात. 'वादी गंधार' तिला पाठ होतं. कानाला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

या व्यवस्थेचं ऋण मोठं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं सामान्य घरांतल्या मुलामुलींपर्यंत आणण्याची वाट रुळवली. त्यांच्या पश्चात शिष्यांनी उभारलेल्या मंडळाच्या परीक्षांमुळे गावोगावी प्रारंभिक ते विशारद ही शिडी पोचली. ती मोडावी असं मी म्हणणार नाही. पण परीक्षेला सोपं पडतं म्हणून आपण शास्त्राला पाठांतर करून टाकलं, हे कबूल केलं पाहिजे.

ज्यांच्या नावावर हे शास्त्र खपतं, त्या भातखंड्यांची वाट नेमकी उलटी होती. वकिली शिकलेला हा माणूस देशभर हिंडला, उस्तादांसमोर बसला, शेकडो बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरवल्या. दहा थाटांची मांडणी आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग त्या ऐकण्यातून आले. त्यांनी आधी ऐकलं, मग लिहिलं. आपण मुलांच्या हाती निष्कर्ष देतो आणि ऐकणं पुढच्या इयत्तेवर ढकलतो.

इतिहास आणि गानप्रकारांचीही तीच गत. 'पोवाडा : वीररसप्रधान लोकगीत' एवढं लिहून मुलगा मोकळा होतो. त्याला डफाची थाप आणि तुणतुण्याची तार ऐकवा. झीलकरी 'जी जी' ओढतात तेव्हा शाहिराला दम घ्यायला फुरसत मिळते, हे दाखवा. ध्वनिक्षेपकाआधीचं मैदान त्याच्यासमोर आपोआप उभं राहील. २०१५च्या चित्रपटातून 'कट्यार काळजात घुसली' पुष्कळ मुलांना ठाऊक आहे. तिथून १९६७च्या नाटकाकडे, अभिषेकीबुवांच्या संगीताकडे आणि घराणं म्हणजे काय या प्रश्नाकडे दोन तासांत जाता येतं. आणि भूपाळी पहाटेची, मग भूप रात्रीचा कसा? हा प्रश्न मुलांनीच विचारावा, इतकी जागा वर्गात हवी.

यासाठी अभ्यासक्रम बदलायची वाट पाहायला नको. तासाची पहिली दहा मिनिटं वही मिटून फक्त ऐकायचं, एवढं पुरे.

त्या बाईंनी तेच केलं. पुढचे काही तास भूप आणि देसकार आलटून पालटून गायले, नाव एकदाही घेतलं नाही. एका संध्याकाळी तीच मुलगी म्हणाली, "बाई, हा दुसरा सारखा वरच्या मजल्यावरच राहतो." बाईंनी तेव्हा फळ्यावर शब्द लिहिला : उत्तरांगप्रधान.