उशाशी बसलेले माणूस

दुखणाईत माणसाचे चित्र मराठी लेखकाने पुष्कळ वेळा काढले. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचे मात्र त्याने बहुधा पूजन केले. पूजन आणि चित्रण यांतला भेद आमच्या समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही. ‘सेवा’ हा शब्द एकदा उच्चारला की सेवा करणाऱ्या बाईची झोप, तिचे जेवण, तिचा संताप, हे सारे त्या शब्दाखाली झाकले जाते. हाताबाहेर गेलेल्या कर्करोगात हे महिनोन्महिने चालते, आणि तेथे ही झाकाझाक विशेष खटकते.

दोन बोलपटांचा विचार येथे करू. कारण हा रोग त्यांनी घरोघर नेला. हृषीकेश मुखर्जी यांचा ‘आनंद’ (1971) हिंदी खरा, परंतु मराठी घरांत तो आपलाच मानला गेला. त्याचा नायक मुंबईस येतो तो एकटा. दिग्दर्शकाने रोग ठेवला आणि घर काढून टाकले! शुश्रूषा उरली ती डॉक्टर मित्राकडे आणि ललिता पवार यांच्या मेट्रनकडे, म्हणजे ज्यांचा तो व्यवसायच आहे त्यांच्याकडे. नायकाला हसत मरता येते, याचे अर्धे श्रेय या सोयीस आहे, असे आमचे मत आहे.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (2004) या बाबतीत फार पुढचा. माधवी घारपुरे यांच्या कथेवरील या चित्रपटात नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी द्यावी लागणार. मध्यभागी आहेत ते आजोबा. शहरातले रुग्णालय, डॉक्टरांची भाषा, सही करावयाचे कागद यांपुढे कोकणातल्या या म्हाताऱ्याची होणारी त्रेधा अरुण नलावडे यांनी जराही भाबडी न करता दाखविली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात आणि त्याला जग दाखवून आणतात. काळजी वाहणारे माणूस येथे प्रथमच स्वतःच्या बुद्धीने वागते, नियम मोडते, डॉक्टरांचा रोष ओढवून घेते. तरीही हा निर्णयाचा एक दिवस आहे. चित्रपट संपतो तो मुलगा होडीतून गावी परततो तेथे. त्यापुढच्या दिवसांची कथा त्याने सांगू म्हटले नव्हते. ती इतर कोणी सांगितली काय, हा आमचा प्रश्न.

या दिवसांची नोंद साहित्याआधी वैद्यकाने घेतली, हे कबूल केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 साली उपशामक शुश्रूषेची व्याख्या केली, तीत रुग्णाच्या बरोबरीने कुटुंबाच्या जीवनमानाचाही उल्लेख आहे. त्यापूर्वी, 1999 साली, वाइट्झनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोग्यांच्या घरच्या माणसांसाठी 35 विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानास शून्य ते चार गुण. आम्ही ती वाङ्मय म्हणून वाचली, आणि थोडे ओशाळलो. तीत झोप आहे, पैशाची विवंचना आहे, अपराधीपणा आहे, दांपत्यसुख आहे. आजारामुळे वाढलेली जवळीकही आहे. कोरड्या विधानांच्या त्या यादीस जे विचारण्याचा संकोच वाटला नाही, तो आमच्या कथाकारास वाटतो.

पैशाच्या विवंचनेपुरते बोलावयाचे तर आम्हां इंदूरकरांस दूर जावयास नको. सराफ्यात दिवसा पाटल्या घडतात, तशा मोडल्याही जातात; आणि मोडण्याचे कारण पुष्कळदा घरातले दुखणे हेच असते. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, रबडी यांची दुकाने लागतात व मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी हटत नाही. पाटल्या मोडण्याचा प्रसंग आमच्या कथेत हमखास येतो, कारण त्यात त्याग आहे. परंतु तीच बाई, रोग्याचा डोळा लागल्यावर, दिराला उशाशी बसवून, तासभर त्याच सराफ्यात येऊन गरम जिलबी खाते, हे लिहिले की ती वाचकाच्या मनातून उतरेल, असे लेखकास भय वाटते. उतरेलही. पण तो तास नसता तर पुढचा आठवडा तिने कसा काढला असता?

घरी परतल्यावर, पाकाचा वास त्याला येऊ नये म्हणून, ती आधी मोरीवर जाऊन हात धुते. हे हात धुणे आमच्या कथेत आम्ही अद्याप वाचलेले नाही.