एक झाड, एक पक्षी, एक खार

दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५० साली आली. जुन्या ग्रंथांतील उतारे द्यायचे, वऱ्हाडी शब्दापुढे '(व.)' अशी खूण करायची, ही त्यांची शिस्त आजही आदर्श वाटते. पण विज्ञानशिक्षकाला हा कोश एका ठिकाणी अडवतो. वनस्पती-प्राण्यांच्या नावांपुढे पुष्कळदा 'एक झाड', 'एक पक्षी' एवढेच सापडते. कोणते झाड?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण घेऊ. तेथील सरोवरातून पूर्वी क्षार काढत. त्यांची नावे डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी होती. 'एक प्रकारचा खार' हा अर्थ पाचही शब्दांना लागू पडतो, म्हणूनच तो निरुपयोगी आहे. सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि साधे मीठ यांचे प्रमाण प्रत्येकात निराळे असे. नावे त्या भेदाची होती. शिवाय इंग्रजी अहवालांत ती रोमन लिपीत नोंदली गेली. त्यावरून 'डल्ला' की 'दल्ला', हेसुद्धा ठरत नाही.

मग पडताळा कसा घ्यावा? दुसरा कोश उघडून नव्हे. एकाने दुसऱ्याचे उतरवले असेल तर साक्षीदार एकच राहतो. वेबस्टरच्या १९३४ च्या इंग्रजी कोशात 'डोर्ड' म्हणजे घनता, असा शब्द छापला गेला. मुळात ती घनतेच्या संक्षेपाची चिठ्ठी होती: मोठा 'डी' किंवा लहान 'डी'. मधल्या 'किंवा'सकट ती अक्षरे जोडून वाचली गेली! चूक १९३९ साली लक्षात आली.

खरा पडताळा तिहेरी असतो: बोलण्यातले वाक्य, एकमेकांना न विचारता सांगणारे दोन जाणकार आणि प्रत्यक्ष वस्तू. लोणारचा क्षारांचा धंदा आता थांबला आहे. २०२० पासून सरोवर रामसर यादीत आहे. धंदा थांबला की वस्तू हाताळणारे हात कमी होतात आणि शब्द पोरका होतो.

आपल्या गावातील गवते, माती, अवजारे यांच्या नावांचीही हीच गत होऊ शकते. विद्यार्थ्यांकडून चिठ्ठ्या करून घ्याव्यात: शब्द, ऐकलेले वाक्य, गाव, तारीख, सांगणाऱ्याचा व्यवसाय, सोबत नमुना किंवा चित्र. खात्री नसेल तेथे 'अर्थ अनिश्चित' असे लिहावे. प्रयोगवहीत न आलेले निरीक्षण आपण भरू देत नाही; शब्दांच्या वहीलाही तोच नियम लावावा.