‘मूळ स्थितीत’

जुन्या मोटारसायकलींच्या लिलावपत्रिका मी गेली बारा-तेरा वर्षे जमवतो आहे. मी ना इंजिनीअर, ना प्राध्यापक. खडवली-कल्याण लोकलमध्ये जे वाचून झाले तेवढेच माझे शिक्षण. पण कुठलाही मजकूर शब्द न् शब्द तपासून वाचायची खोड जुनी. या पत्रिकांत एक शब्दप्रयोग हमखास येतो : ‘मूळ स्थितीत’. हा लेख त्या दोन शब्दांविषयी आहे.

निमित्त एका स्नेह्याचे. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेतून त्यांनी एका लिलावात बोली लावली. नोंद होती, ‘१९६५ची जावा २५०, पूर्णपणे मूळ स्थितीत, एकाच मालकाची’. गाडी टेम्पोतून थेट माझ्या अंगणात उतरली. मरून रंग, क्रोमचा लखलखाट; बघत राहावी अशी. अर्ध्या तासात लक्षात आले, की टाकी आणि मडगार्ड जावाचे. फ्रेम आणि इंजिन येझदी रोडकिंगचे. इंजिनाच्या ओतीव कवचाचा पोत खरबरीत असतो. क्रमांकाभोवती मात्र तो घासून गुळगुळीत केलेला, आणि आकडे एका ओळीत नव्हते. माझा चेहरा पाहून स्नेही म्हणाले, “सांगून टाका, अण्णा.” सांगितले.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६१च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा बनवायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात गाडीचे नाव येझदी झाले, रोडकिंग आली १९७८मध्ये, आणि १९९६मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे वर्णनातली चूक निदान तेरा वर्षांची. ती आपोआप होत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि फारसा बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. १९६५ची जावा या रेषेच्या आत, रोडकिंग अजून बाहेर. तेव्हा मोडीत गेलेल्या एखाद्या जावाचे नोंदणीपुस्तक जपून ठेवायचे आणि त्याला साजेशी गाडी उभी करायची. स्नेह्यांच्या हाती आलेले पुस्तक खरे होते, गाडीही खरी होती. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, इतकेच.

बुलेटचे प्रकरण याहून सोपे. १९५५मध्ये मद्रास मोटर्सने रेडिचच्या कंपनीशी भागीदारी करून एन्फिल्ड इंडिया काढली, आणि पुढे कित्येक दशके गाडीचे रूप जवळपास तेच राहिले. त्यामुळे १९८०ची बुलेट चार सुट्या भागांवर पन्नासच्या दशकातली ‘इंग्लिश’ होते. १९७७पासून मद्रासच्या बुलेट इंग्लंडातही जाऊ लागल्या. तेव्हा हा वेषांतराचा खेळ तिकडेही खेळता येतो.

परदेशात तरी पत्रिका चोख असतील, हा आपला भाबडेपणा. व्हिन्सेंट कंपनीची रॅपिड आणि तिची महागडी बहीण ब्लॅक शॅडो यांत इंजिन क्रमांकातल्या एका ‘बी’ अक्षराचा फरक. तेवढा ठोकायला एक पंच पुरतो. ‘इझी रायडर’ या १९६९च्या चित्रपटातली म्हणून एक हार्ले ऑक्टोबर २०१४मध्ये लॉस एंजेलिसजवळ साडेतेरा लाख डॉलर्सच्या बोलीला गेली. तिला खरेपणाचा दाखला देणाऱ्या अभिनेते डॅन हॅगर्टी यांनी आधी टेक्सासमधल्या दुसऱ्याच एका गाडीलाही दाखला दिला होता. दोन गाड्या, दाखला देणारा हात एकच.

पैशांची फसवणूक ही यातली मोठी गोष्ट. पण मला खटकते ते आणखी काही. आपल्याकडची कुठली मोटारसायकल साठ वर्षे ‘मूळ स्थितीत’ राहिली? पिस्टन मिळेना म्हणून लेथवर दुसऱ्या गाडीचा बसवला, मॅग्नेटो काढून बॅटरी-कॉइल केली, स्टँड लोहाराकडून करून घेतला. या देशातल्या गाड्या अशाच जगल्या. पत्रिका हे सगळे पुसते आणि त्या जागी कारखान्यातून काल निघालेली एक काल्पनिक गाडी उभी करते. ज्या मिस्त्रीमुळे गाडी लिलावापर्यंत पोचली, त्याचे काम त्या वर्णनात दोष ठरते, म्हणून लपवावे लागते.

याच्या उलट पोलीस ठाण्याची बेवारस वाहनांच्या लिलावाची यादी बघा. नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक. फार तर ‘गंजलेली’. विशेषण एवढेच. गद्य म्हणून मी ती यादी वरच्या दर्जाची मानतो.

कायदा काय म्हणतो? १९३०च्या मालविक्री कायद्याचे कलम १५ सांगते, की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. त्याच कायद्याचे कलम ६२ अशी गर्भित अट करारातून वगळायला वाट देते, आणि पत्रिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात ‘जशी आहे, जिथे आहे’ छापलेले असते. स्नेह्यांच्या पत्राला त्याच ओळीकडे बोट दाखवणारे उत्तर आले. वकिलाने खर्च सांगितल्यावर त्यांनी नाद सोडला.

गाडी विकायची ठरली तेव्हा वर्णन मी लिहावे, असे त्यांनी सुचवले. फ्रेमवरचा नवा रंग थोडा खरवडला, तर मागच्या बाजूला कड्यांचे जुने वेल्डिंग निघाले. दुधाचे कॅन अडकवण्यासाठी अशा कड्या लावून घेत. मी लिहिले : ‘येझदी रोडकिंग. १९७८ किंवा नंतरची. टाकी व मडगार्ड जुन्या जावाचे. इंजिन क्रमांक पुन्हा ठोकलेला, म्हणून अविश्वसनीय. नोंदणीपुस्तक दुसऱ्या गाडीचे. बहुधा दूधवाल्याने वापरलेली. चालू स्थितीत.’ स्नेह्यांनी ते दोनदा वाचले, आणि ‘बहुधा’ काढता येईल का, असे विचारले. मी नाही म्हटले.