ठिपक्यांची अक्षरं आणि शिरोरेषेतली फट

मनीषनगरात संध्याकाळी दुकानांवरच्या सरकत्या लाल पाट्या कधी नीट वाचल्यात? अशा पाट्या बऱ्याचदा 'पी१०' पॅनल जोडून करतात. एका पॅनलवर ३२ आडवे आणि १६ उभे, म्हणजे ५१२ ठिपके. त्यावर इंग्रजीनंतर मराठी मजकूर आला की थांबून बघा. मराठी बारीक दिसतं. का?

'डिझाइन वाईट आहे' हे उत्तर संशोधनात चालत नाही. मोजा. मी चौकटीच्या वहीत मराठीसाठी १६ ओळी मांडून पाहिल्या. वेलांटी-मात्रांना ४, शिरोरेषेला १, उकाराला ३. अक्षराच्या अंगाला उरल्या ८. इंग्रजी कॅपिटल मात्र सगळ्या १६ ओळी वापरू शकतं.

ठिपक्यांचे जुन्या धाटणीचे फॉन्ट आज पुन्हा हौसेने वापरले जातात. 'डोटो' हा त्यातला एक चांगला, मुक्त परवान्याचा नमुना. प्रत्येक अक्षराला ६×१० ठिपक्यांची चौकट. ठिपक्याचा आकार आणि गोलाई बदलता येते. मोठ्या शीर्षकात तो झकास दिसतो. त्यात देवनागरी नाही, म्हणून 'चला, मराठी डोटो करू' असं कुणालाही वाटेल. माझा आक्षेप डोटोवर नाही, या सोप्या 'करू'वर आहे.

रोमन लिपीत दोन अक्षरांमध्ये ठिपक्यांची एक उभी रांग रिकामी सोडतात. तिथे ती नुसती मोकळी जागा असते. मराठीत तीच रांग शिरोरेषा तोडते. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये १६×२ चा एलसीडी वापरला असेल तर आठवून बघा. त्याच्या ५×८ च्या घरांमध्ये फटी असतात. तिथे 'मनीषनगर' लिहिलं की शिरोरेषा पाच ठिकाणी तुटते.

तुटली तर बिघडलं काय? 'घार' आणि 'धार', 'मार' आणि 'भार' लिहून बघा. ध आणि भ यांच्या डोक्यावर फट असते, शेजारी छोटी गाठ. कमी ठिपक्यांत गाठ विरते, सगळा भार फटीवर येतो. सगळीकडेच फटी असतील, तर खरी फट ओळखायची कशी? समोरून जाणाऱ्या बसची पाटी वाचणाऱ्याला हा खेळ परवडत नाही.

म्हणून माझं मत असं: ठिपक्यांची मराठी अक्षरं सुटी आखून भागणार नाही. शब्द धरून आखावी लागतील, आणि फट जिथे अक्षराची आहे तिथेच ठेवावी लागेल.

आता तुमच्या कामाचं. 'ठिपक्यांचे फॉन्ट आणि मराठी' हा विषय झाला, प्रश्न नाही. '१६ ओळींच्या पाटीवर फट एका ठिपक्याऐवजी दोन ठिपक्यांची केली, तर भ-म वाचण्यातल्या चुका कमी होतात का?' हा प्रश्न. याचं उत्तर 'नाही'ही येऊ शकतं, आणि तसं आलं तर माझं वरचं मतही तपासावं लागेल. सुरुवातीला चौकटीची वही आणि थोडे वाचक पुरेत. आज घरी जाताना एक पाटी मोजूनच बघा.